वाताशयाचे कोडे : माशाचे रक्त, आम्ल आणि ऑक्सिजन यांची दोनशे वर्षांची गोष्ट

बाजारातून आणलेला रोहू किंवा कटला साफ करताना पोटाच्या पोकळीत, पाठीच्या कण्याला लागून, एक चकचकीत पांढुरकी पिशवी दिसते. हा माशाचा वाताशय. यात हवा असते आणि तिच्यामुळे मासा हवा त्या खोलीवर विनासायास तरंगत राहतो, एवढे आपण वर्गात सांगतो आणि पुढच्या अवयवाकडे वळतो. एखादा चौकस विद्यार्थी मात्र विचारतो, "सर, ही हवा तिथे येते कुठून?"

रोहूच्या बाबतीत उत्तर फारसे अवघड नाही. त्याच्या वाताशयातून एक बारीक नळी अन्ननलिकेत उघडते. मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळू शकतो. परंतु अनेक सागरी माशांना ही नळी नसते. त्यांचा वाताशय सर्व बाजूंनी बंद असतो आणि त्यातले काही मासे तर शेकडो मीटर खोलीवर राहतात, पृष्ठभागाकडे फिरकतही नाहीत. त्यांच्या पिशवीत वायू कोण भरतो?

या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. उत्तर सापडले ते रक्ताच्या एका विचित्र गुणधर्मात. आम्लता वाढली की माशाचे रक्त ऑक्सिजन नाकारते. वरवर पाहता हा दोषच वाटतो. पण याच दोषावर एक विलक्षण यंत्रणा उभी आहे. तिचा शोध कसा लागला आणि वाटेत मोठमोठी माणसे कुठे अडखळली, ते पाहू.

भूमध्य समुद्रातील मोजमाप

पॅरिसमधून जाणाऱ्या रेखावृत्ताची मोजणी दक्षिणेकडे वाढवण्याच्या कामासाठी झां-बातिस्त बिओ हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ १८०६ मध्ये स्पेनच्या बाजूला गेले होते. भूमध्य समुद्रातील इबिझा आणि फॉर्मेन्तेरा या बेटांवर त्यांचा मुक्काम होता. तेथील कोळी वेगवेगळ्या खोलीवरून मासे पकडून आणत. बिओ यांनी या माशांच्या वाताशयातील वायूचे पृथक्करण केले आणि १८०७ मध्ये ते प्रसिद्ध केले.

निष्कर्ष चकित करणारा होता. उथळ पाण्यातल्या माशांच्या पिशवीत बहुतांश नायट्रोजन होता. मासा जितका खोल पाण्यातला, तितके ऑक्सिजनचे प्रमाण अधिक. काही माशांत ते ८७ टक्क्यांपर्यंत गेले होते. आपल्या भोवतालच्या हवेत ऑक्सिजन असतो अवघा २१ टक्के! म्हणजे ही गिळलेली हवा नव्हती हे उघड होते. मासा स्वतःच ती पिशवी ऑक्सिजनने भरत होता.

यात अडचण कोणती ते नीट समजून घ्यायला हवे. समुद्रात दर दहा मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. १,००० मीटर खोलीवर तो सुमारे १०० वातावरण असतो. पिशवी मऊ असल्यामुळे तिच्यातील वायूचा दाबही तेवढाच असावा लागतो, नाहीतर ती चिरडली जाईल. त्या वायूत ८० ते ९० टक्के ऑक्सिजन असेल, तर ऑक्सिजनचा अंशदाब झाला ८० ते ९० वातावरण. पण भोवतालच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा अंशदाब फार तर ०.२ वातावरण असतो, कारण तो मुळात पृष्ठभागावरच्या हवेतूनच आलेला असतो. वायू आपोआप जातो तो जास्त अंशदाबाकडून कमी अंशदाबाकडे. येथे तर तो चारशे पट चढ चढून उलट दिशेने जात होता. पाणी डोंगराच्या पायथ्याकडून शिखराकडे वाहावे, तसाच हा प्रकार.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आर्मां मोरो या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले की वाताशय रिकामा केला तर मासा तो पुन्हा भरतो आणि नव्याने भरलेल्या वायूत ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असते. म्हणजे ही क्रिया जिवंत माशात, प्रयोगकर्त्याच्या डोळ्यांदेखत घडत होती. ती कशी घडते, हा प्रश्न तसाच राहिला.

कोपनहेगनची प्रयोगशाळा

आता गोष्ट डेन्मार्ककडे वळते. कोपनहेगन विद्यापीठात ख्रिस्तिअन बोर हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. अणूच्या रचनेमुळे जगाला परिचित झालेले नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव. १८९४ मध्ये ख्रिस्तिअन बोर यांनी कॉड माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. वाताशयाला बारीक छिद्र पाडून वायू काढून घेतला की काही तासांत मासा तो पुन्हा भरतो, आणि त्यात ऑक्सिजन भरपूर असतो. पण वाताशयाकडे जाणाऱ्या व्हेगस या चेतेच्या शाखा कापल्या, तर पिशवी भरण्याचे थांबते. बोर यांनी अनुमान काढले की हे काम ग्रंथीचे आहे. लाळग्रंथी जशी चेतेच्या हुकमावरून लाळ स्रवते, तशी वाताशयातील ग्रंथी ऑक्सिजन स्रवते.

दहा वर्षांनी, १९०४ मध्ये, बोर यांनी कार्ल हॅसलबाल्ख आणि ऑगस्ट क्रोग या सहकाऱ्यांसह आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. यात मासे नव्हते, कुत्र्याचे रक्त होते. वेगवेगळ्या अंशदाबाला रक्त किती ऑक्सिजन धरून ठेवते याचा आलेख त्यांनी काढला. तोच आपल्या पुस्तकात असलेला इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळणदार आलेख. मग त्यांनी त्या वायूत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण वाढवले. आलेख उजवीकडे सरकला. म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की रक्ताची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. याला आज आपण बोर परिणाम म्हणतो. स्नायू काम करतात, तेथे कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी रक्त ऑक्सिजन सोडते. किती सोयीची व्यवस्था!

पुढे केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९१० मध्ये दाखवले की लॅक्टिक आम्लामुळेही हाच परिणाम होतो. म्हणजे मुद्दा आम्लतेचा होता. कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होते, म्हणून तोही त्याच गटात. योगायोगाने आम्लता मोजण्याचे पीएच हे माप सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये तयार केले, तेही कोपनहेगनमध्येच.

येथे थोडे थांबून विचार करू. वाताशय ऑक्सिजन जमा करतो हे बोर यांनी १८९४ मध्ये अभ्यासले होते. कार्बन डाय-ऑक्साइडमुळे रक्त ऑक्सिजन सोडते हे त्यांनीच १९०४ मध्ये दाखवले. कोड्याची दोन्ही टोके एकाच माणसाच्या हातात होती. पण त्यांची गाठ बसली नाही. १९११ मध्ये बोर वारले, तेव्हा ही टोके वेगळीच होती. याचे एक कारण असे, की बोर यांचे लक्ष तोवर दुसरीकडेच लागले होते.

साम्य कुठवर ताणावे?

वाताशय आणि फुप्फुस या दोन्ही हवेच्या पिशव्या. गर्भावस्थेत दोन्ही अन्नमार्गाच्या फुगवट्यातूनच तयार होतात. मग वाताशय जर ऑक्सिजन स्रवू शकतो, तर आपले फुप्फुसही हवेतला ऑक्सिजन नुसता झिरपू न देता रक्तात ढकलत असेल, असे बोर यांना वाटत होते. कॉड माशावरचा प्रयोग हा त्यांच्या दृष्टीने या मताला मिळालेला मोठा आधार होता.

या मताला हादरा दिला तो त्यांच्याच शिष्याने. ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी क्रोग यांनी फार अचूक उपकरणे बनवली आणि फुप्फुसातील हवा व धमनीतील रक्त यांमधील ऑक्सिजनचे अंशदाब मोजले. १९१० मध्ये क्रोग यांनी सात निबंधांची मालिका प्रसिद्ध केली. निष्कर्ष स्वच्छ होता. फुप्फुसात साधे विसरण पुरेसे आहे, स्रवणाची गरज नाही. धमनीतील अंशदाब हवेतल्यापेक्षा कधीच जास्त नसतो.

तरी वाद मिटला नाही. इंग्लंडचे जॉन स्कॉट हॉल्डेन हे दिग्गज स्रवणाच्या बाजूचे होते. (भारताचे नागरिकत्व घेऊन १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावलेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे चिरंजीव.) १९११ मध्ये त्यांनी अमेरिकेतील पाइक्स पीक या उंच शिखरावर मोहीम नेली आणि विरळ हवेत फुप्फुसे ऑक्सिजन स्रवतात असा निष्कर्ष काढला. हे तपासण्यासाठी बारक्रॉफ्ट १९२० मध्ये केंब्रिजला काचेच्या एका बंद खोलीत सहा दिवस राहिले. खोलीतला ऑक्सिजन हळूहळू कमी करत नेला होता. शेवटी त्यांनी स्वतःच्या मनगटाची धमनी उघडून रक्त काढू दिले. रक्तातला अंशदाब हवेतल्यापेक्षा कमीच भरला. स्रवणाचा पुरावा मिळाला नाही.

माणसाच्या फुप्फुसाचा प्रश्न असा निकालात निघाला. मात्र माशाचा प्रश्न होता तेथेच राहिला. फुप्फुसात स्रवण नाही हे ठरले, म्हणून वाताशयातली वस्तुस्थिती खोटी ठरत नव्हती. तेथे ऑक्सिजन खरोखरच चढाच्या दिशेने जात होता. साम्य चुकीचे होते, निरीक्षण बरोबर होते. विद्यार्थ्यांना हा फरक जरूर समजावून सांगावा.

रूट यांना काय दिसले?

१९१९ मध्ये ऑगस्ट क्रोग आणि इझाबेला लीच यांनी माशांच्या रक्ताचा पद्धतशीर अभ्यास केला. कार्प आणि ईल यांच्यासारख्या, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरणाऱ्या माशांचे रक्त अगदी थोड्या अंशदाबालाही ऑक्सिजन पकडते, तर भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातील माशांच्या रक्ताला जास्त अंशदाब लागतो, असे त्यांना आढळले. माशांचे रक्त कार्बन डाय-ऑक्साइडच्या बाबतीत संवेदनशील आहे हेही त्यांनी पाहिले.

त्यानंतर अमेरिकेत रेमंड रूट यांनी अटलांटिक किनाऱ्यावरच्या काही सागरी माशांचे रक्त घेतले आणि १९३१ मध्ये 'बायॉलॉजिकल बुलेटिन' या नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली. बोर परिणामात आलेख उजवीकडे सरकतो, पण अंशदाब पुरेसा वाढवला की रक्त अखेर पूर्ण संपृक्त होतेच. रूट यांच्या माशांत तसे होत नव्हते. कार्बन डाय-ऑक्साइड मिसळला की आलेख नुसता सरकत नव्हता, त्याचा माथाच खाली येत होता. ऑक्सिजन कितीही द्या, रक्त अर्धेमुर्धेच भरायचे.

बोर आणि रूट यांच्या निरीक्षणांतला फरक मुलांना एस. टी. बसच्या उदाहरणाने सांगता येईल. हीमोग्लोबिनचा रेणू म्हणजे चार आसनांची बस समजा आणि ऑक्सिजनचे रेणू म्हणजे प्रवासी. बोर परिणामात आसने ओबडधोबड होतात. प्रवासी चटकन उतरतात आणि चढायलाही नाखूश असतात. पण थांब्यावर खूप गर्दी झाली की बस शेवटी भरतेच. रूट परिणामात काही आसनांना चक्क कुलूप लागते. थांब्यावर कितीही गर्दी असो, बस अर्धी रिकामीच निघते.

हे कुलूप किती पक्के असते? १९५४ मध्ये पेर शोलँडर आणि व्हान डॅम यांनी खोल समुद्रातील माशांचे रक्त आम्लयुक्त करून त्यावर ऑक्सिजनचा दाब वाढवत नेला. शंभराहून अधिक वातावरण दाबालाही ते पूर्ण संपृक्त झाले नाही.

१९३१ मध्ये रूट यांच्या निरीक्षणाकडे पाहताना मनात येतो तो धोका. पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड साचला, तर मासा भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातही गुदमरेल. ही भीती निराधार नव्हती. कॅनडाच्या एडगर ब्लॅक यांनी १९४० मध्ये गोड्या पाण्यातील माशांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ही संवेदनशीलता जातीजातींत कमी-अधिक असते असे दिसले. पण एखाद्या प्राणिगटात असा धोकादायक गुणधर्म कोट्यवधी वर्षे टिकून राहतो, तेव्हा त्याचा काही उपयोग असला पाहिजे, अशी शंका घेणे रास्त ठरते. तो उपयोग वाताशयात होता.

अद्भुत जाळे

वाताशयाच्या भिंतीवर एक तांबडा ठिपका दिसतो. ही वायुग्रंथी. तिच्याकडे रक्त नेणाऱ्या आणि तिच्याकडून परत आणणाऱ्या वाहिन्या मध्ये एकदम हजारो केशवाहिन्यांत विभागल्या जातात आणि एकमेकींना चिकटून समांतर धावतात. जुन्या शरीररचनाशास्त्रज्ञांनी याला लॅटिनमध्ये 'अद्भुत जाळे' या अर्थाचे नाव दिले होते, आणि ते सार्थ आहे. केशवाहिन्यांवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात क्रोग यांनी ईल माशाच्या जाळ्याचा हिशेब दिला आहे. ग्रंथीकडे रक्त नेणाऱ्या १,१६,००० आणि परत आणणाऱ्या ८८,००० केशवाहिन्या, प्रत्येकीची लांबी सुमारे ४ मिलिमीटर. सगळ्या एकापुढे एक ठेवल्या तर एकूण लांबी ८०० मीटरहून अधिक. आणि हे सारे मावते पाण्याच्या एका थेंबाएवढ्या जागेत!

आता यंत्रणा पाहू. वायुग्रंथीच्या पेशी ऑक्सिजनच्या भांडाराशेजारी राहतात, पण ग्लुकोजचे विघटन करताना ऑक्सिजन फारसा वापरत नाहीत. त्या लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डाय-ऑक्साइड तयार करून रक्तात सोडतात. रक्त आम्लयुक्त होताच हीमोग्लोबिनच्या आसनांना कुलपे लागतात आणि त्यांवरचा ऑक्सिजन बाहेर फेकला जातो. रक्तात मोकळ्या ऑक्सिजनचा अंशदाब एकदम वाढतो आणि तो वाताशयात शिरतो.

पण याने अंशदाब एका टप्प्यात मर्यादितच वाढेल. शेकडो पट वाढ कशी व्हावी? येथे जाळे कामाला येते. ग्रंथीकडून परत निघालेल्या रक्तात मोकळा ऑक्सिजन जास्त असतो. शेजारून, भिंतीला भिंत लावून, ग्रंथीकडे जाणारे रक्त उलट दिशेने वाहत असते. मग परतणाऱ्या रक्तातला जादा ऑक्सिजन बाहेर निसटण्याऐवजी जाणाऱ्या रक्तात झिरपतो आणि पुन्हा ग्रंथीकडे येतो. तेथे त्यात नवी भर पडते. पुन्हा परत, पुन्हा भर. चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार आहे. प्रत्येक फेरीचे व्याज लहान, पण ते मुद्दलात मिळत जाते. स्वित्झर्लंडचे वेर्नर कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये हे गणिताने मांडले. मूत्रपिंडातील लांब वळणदार नलिकांमध्ये मूत्र कसे संहत होते, याचे स्पष्टीकरणही याच कून यांनी त्यापूर्वी याच तत्त्वाने दिले होते.

आणखी एक बारकावा १९६९ मध्ये ईल माशाच्या तांबड्या पेशींवर मोजमाप करताना फॉर्स्टर आणि स्टेन यांना दिसला. आम्लामुळे ऑक्सिजन सुटण्याची क्रिया सेकंदाच्या छोट्याशा भागात होते. आम्लता कमी झाल्यावर तो पुन्हा बांधला जायला मात्र कित्येक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात रक्त जाळ्यातून निघूनही जाते. म्हणून सुटलेला ऑक्सिजन परतीच्या वाटेवर पुन्हा पकडला जात नाही, मोकळाच राहतो. कुलूप लागते क्षणात, उघडते सावकाश.

बोर यांच्या हातातली दोन टोके अशी एकमेकांना मिळाली. वाताशयात स्रवण होते हे त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. मात्र स्रवते ते आम्ल. ऑक्सिजन शेवटी विसरणानेच सरकतो, जास्त अंशदाबाकडून कमी अंशदाबाकडे. निसर्गाचा नियम कोठेही मोडलेला नाही. क्रोग आणि बोर, गुरू आणि शिष्य, दोघांनाही न्याय मिळाला असे म्हणायला हरकत नाही.

डोळ्याला ऑक्सिजन

गोष्ट येथे संपली असती, तर 'रूट परिणाम वाताशयासाठी असतो' असे पाठ्यपुस्तकात एक वाक्य लिहून मोकळे होता आले असते. पण १९६२ मध्ये जोनाथन आणि बिअ‍ॅट्रिस विटेनबर्ग यांनी माशाच्या डोळ्यातील ऑक्सिजन मोजला. दृष्टिपटलामागे त्याचा अंशदाब भोवतालच्या पाण्यातल्यापेक्षा कित्येक पट जास्त निघाला.

याचे कारण माशाच्या डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटल ही शरीरातील सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. आपल्या दृष्टिपटलात रक्तवाहिन्या असतात. बहुतेक माशांच्या दृष्टिपटलात त्या नसतात. त्यामुळे ऑक्सिजनला मागच्या थरातून लांबवर झिरपत यावे लागते आणि त्यासाठी मागे अंशदाब खूप मोठा हवा. अनेक माशांच्या डोळ्यामागे घोड्याच्या नालाच्या आकाराचे एक केशवाहिन्यांचे जाळे असते. तेथेही तेच गणित चालते. आम्ल, सुटलेला ऑक्सिजन आणि उलट दिशांनी वाहणारे रक्त.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञही स्वस्थ नव्हते. हीमोग्लोबिनची रचना उलगडून १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे मॅक्स पेरुत्झ आणि इटलीचे मॉरित्सिओ ब्रुनोरी यांनी १९८२ मध्ये असे सुचवले, की माशाच्या हीमोग्लोबिनमधील एका विशिष्ट जागेवरचे सेरीन हे अमिनो आम्ल या कुलपाला जबाबदार असावे. पुढे जनुक-तंत्राने मानवी हीमोग्लोबिनमध्ये तसाच बदल करून पाहिला, तेव्हा रूट परिणाम अवतरला नाही. एका अमिनो आम्लाने हे कुलूप बनत नाही. रेणूच्या अनेक भागांतील बदल मिळून तो घडतो असे आज मानले जाते.

धोका कसा टळतो?

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. मासा जोराने पोहला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होते आणि ते साऱ्या रक्तात पसरते. मग कल्ल्यांतही कुलपे लागून मासा गुदमरायला हवा. शिकारी माशापासून जीव घेऊन पळताना ऑक्सिजन सर्वांत जास्त हवा, आणि नेमका तेव्हाच रक्ताचा नकार!

याचे उत्तर १९८० च्या दशकात ट्राउट माशांवरील संशोधनातून मिळाले. ताण आला की माशाच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके येतात. त्यांच्या इशाऱ्यावरून तांबड्या पेशी हायड्रोजन आयन बाहेर टाकतात आणि बदल्यात सोडियम आयन आत घेतात. रक्तद्रव आम्लयुक्त झाला, तरी पेशीच्या आतला भाग तसा होत नाही. हीमोग्लोबिन सुरक्षित राहते आणि कल्ल्यांत ऑक्सिजन नीट भरला जातो.

२०१३ मध्ये जोडी रमर आणि सहकाऱ्यांनी यापुढचे पाऊल टाकले. त्यांनी इंद्रधनुषी ट्राउटच्या तांबड्या स्नायूत ऑक्सिजन मोजणारा बारीक संवेदक बसवला आणि पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढवला. अपेक्षेच्या उलट, स्नायूतील ऑक्सिजनचा अंशदाब सुमारे ६५ टक्क्यांनी वाढला. स्नायूच्या केशवाहिन्यांत कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर असते. रक्तपेशीने बाहेर टाकलेल्या हायड्रोजन आयनांचे ते बायकार्बोनेटशी संयोग घडवून झटकन कार्बन डाय-ऑक्साइड बनवते. तो वायू पेशीत शिरतो, आतली आम्लता एकदम वाढते आणि ऑक्सिजन तेथेच, स्नायूच्या दारात, सुटतो. पुढे कल्ल्यांकडे जाताना पेशी पुन्हा पूर्वपदावर येते. हे विकर निकामी करणारे औषध दिल्यावर ही वाढ नाहीशी झाली. म्हणजे कुलूप कोठे लावायचे आणि कोठे नाही, यावर माशाचे नियंत्रण असते.

शोधाचा क्रम आणि उत्क्रांतीचा क्रम

आता शेवटचा मुद्दा. आपण हा इतिहास वाताशय, डोळा, स्नायू या क्रमाने पाहिला, कारण माणसाला तो या क्रमाने कळला. निसर्गात तो कोणत्या क्रमाने घडला? २००५ मध्ये मायकेल बेरेनब्रिंक आणि सहकाऱ्यांनी माशांच्या पन्नासहून अधिक जातींची तुलना करून याचा माग काढला. आम्लाला जबर प्रतिसाद देणारे हीमोग्लोबिन आधी आले. त्यानंतर, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, डोळ्यामागचे जाळे. वाताशयाचे जाळे सर्वांत शेवटी आले, आणि तेही एकदा नव्हे, माशांच्या वेगवेगळ्या शाखांत किमान चार वेळा स्वतंत्रपणे. रक्तातला हा गुणधर्म डोळ्याच्याही आधीचा असेल, तर त्याचा सुरुवातीचा उपयोग कदाचित सर्वसाधारण ऊतींना ऑक्सिजन पोचवण्याचाच असावा, असे रमर यांच्या प्रयोगावरून सुचते.

म्हणजे ज्या अवयवाने माणसाला हे कोडे घातले, तो अवयव या कथेतला सर्वांत शेवटचा पाहुणा होता. एखाद्या गुणधर्माचा जो उपयोग आपल्याला प्रथम दिसतो, तोच त्याचा मूळ उपयोग, असे गृहीत धरण्याची सवय आपल्याला असते. उत्क्रांती शिकवताना ही सवय मोडायला वाताशय हे उत्तम उदाहरण आहे.

या माहितीला व्यवहाराचीही एक बाजू आहे. आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ यांचे मत्स्यबीज प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थोडे पाणी आणि वर भरपूर ऑक्सिजन भरून दूरवर पाठवतात. प्रवासात ऑक्सिजन संपण्याआधीच पिल्ले मरगळलेली दिसू शकतात. त्यांच्या श्वसनाने पिशवीतला कार्बन डाय-ऑक्साइड वाढत असतो, पाणी आम्लयुक्त होत असते आणि रक्ताची ऑक्सिजन घेण्याची क्षमता घटत असते. पिशवीत पिल्लांची गर्दी करू नये, पाठवण्यापूर्वी त्यांना काही काळ उपाशी ठेवावे, पाणी थंड राहील असे पाहावे, या खबरदारीमागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे. नुसता ऑक्सिजन असून भागत नाही, तो घेता आला पाहिजे.

वर्गात फळ्यावर दोन आलेख शेजारी शेजारी काढून पाहा. एकात आम्लामुळे वक्ररेषा उजवीकडे सरकते, दुसऱ्यात तिचा माथा खाली येतो. मुलांना विचारा, यांतले कोणते रक्त १,००० मीटर खोलीवरची पिशवी भरू शकेल आणि का? पहिल्या आलेखातले रक्त तेथे हतबल का ठरते, हे ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल, त्याला बोर आणि रूट दोघेही समजले असे खुशाल समजावे.